फोन कानाला, धसका काळजाला

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. जुळे सोलापुरातल्या एका घरात निवृत्त मुख्याध्यापक पेपर वाचत बसले आहेत. मुलगा आणि सून नोकरीसाठी पुण्याला, पत्नी भाजी आणायला बाहेर. फोन वाजतो. आधी यंत्राचा आवाज : ‘तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे. अधिक माहितीसाठी नऊ दाबा.’ नऊ दाबले की पलीकडे माणूस येतो. तो अदबीने बोलतो. सरांचे पूर्ण नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे तो स्वतःच सांगतो. मग आवाज बदलतो. ‘तुमच्या आधारवर मुंबईत सिमकार्ड घेतले गेले आहे. त्यावरून काळ्या पैशाचा व्यवहार झाला आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल आहे.’ पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल सुरू होतो. समोर खाकी गणवेश, मागे राष्ट्रध्वज, टेबलावर फायली. ‘दार लावून घ्या. फोन कट करायचा नाही. घरात कोणाला सांगितले तर त्यांनाही आत घेऊ.’

पत्नी परत येते तेव्हा सर आतल्या खोलीत दार लावून बसलेले असतात. ‘काय झालं ओ?’ ती बाहेरून विचारते. ‘काही नाही, पेन्शनचं काम चाललंय,’ असे उत्तर येते. दुपारचे जेवण तसेच राहते. रक्तदाबाची गोळी राहते. रात्री दिवा चालूच. तिसऱ्या दिवशी छातीत धडधड, हातापायांना कंप, रक्तातली साखर तीनशेच्या पुढे. रिक्षात घालून दवाखान्यात आणतात. ईसीजी निघतो, सलाइन लागते, गोळ्या बदलतात. ‘तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?’ हा एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

हा प्रसंग कोणा एका घरातला नाही. अशा अनेक घटनांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम इथे एकत्र मांडला आहे. कधी परदेशी पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगतात, कधी बँक खात्याचे केवायसी, कधी ‘तुमच्या मुलाचा अपघात झाला आहे’. तपशील बदलतात, क्रम तोच असतो. फसवणुकीच्या फोनकडे आपण पोलीस आणि बँक यांचा विषय म्हणून पाहतो. पण पैसे खात्यातून जाण्याआधी माणसाच्या शरीरात बरेच काही घडून गेलेले असते, आणि पैसे गेल्यानंतरही बरेच दिवस घडत राहते. म्हणून हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७ हजार ४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा २२ हजार ८४५ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात तिप्पट. त्यातील ‘डिजिटल अटक’ आणि तशा प्रकारच्या गुन्ह्यांच्या २०२४ मध्ये १ लाख २३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांत १ हजार ९३५ कोटी रुपये गेले. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या विषयावर सविस्तर बोलून ‘थांबा, विचार करा, मग कृती करा’ असा सल्ला दिला होता. त्यानंतरही हे प्रकार थांबले नाहीत. हरियाणातील एका वृद्ध दाम्पत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

हे झाले पैशांचे हिशेब. अशा फोननंतर किती जणांचा रक्तदाब चढला, किती जणांची झोप कायमची उडाली, किती जण छाती धरून बसले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. केसपेपरवर ‘अस्वस्थ वाटणे, छातीत धडधड’ एवढेच लिहिले जाते.

शरीरात काय घडते

मेंदूच्या आत, कानशिलांच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखणे हे त्याचे काम. साप दिसल्यावर ‘हा कोणत्या जातीचा’ असा विचार करण्याआधीच पाय मागे जातो, तो त्याच्यामुळे. ‘तुम्हाला अटक होणार आहे’ हे वाक्यही त्याला सापासारखेच. तिथून निघालेला इशारा मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात सोडली जाते, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम येतो. मागोमाग कॉर्टिसॉल वाढू लागते आणि वीस-तीस मिनिटांत शिखर गाठते.

हे सगळे शरीर आपल्या भल्यासाठी करते. पळायचे किंवा लढायचे असेल तर स्नायूंना रक्त आणि साखर हवीच. पण खुर्चीत बसून फोनवर बोलणाऱ्या माणसाला पळायचेही नसते आणि लढायचेही नसते. त्याला विचार करायचा असतो, आणि नेमके तेच या अवस्थेत जमत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे तोलूनमापून निर्णय घेणारा, ‘थांब, यात काही गडबड आहे’ म्हणणारा भाग, तीव्र ताणात मंदावतो. लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. समोरचा जे सांगतो तेवढेच ऐकू येते. ‘पोलीस असे व्हिडिओ कॉलवर अटक करतात का?’ हा साधा प्रश्न त्या क्षणी डोक्यात येत नाही. दोन दिवसांनी तोच प्रश्न शंभर वेळा येतो.

भामट्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसते, पण अनुभवाने त्यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून ते घाई करतात. ‘दोन तासांत’, ‘आत्ताच’, ‘फोन ठेवायचा नाही’. ॲड्रेनॅलिनचा जोर ओसरायला मिळालेली काही मिनिटे म्हणजे त्यांचे नुकसान.

हुशार माणूस का फसतो

‘एवढे शिकलेले, आणि फसले कसे?’ हा प्रश्न प्रत्येक घटनेनंतर गल्लीत विचारला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे ज्येष्ठ उद्योगपती, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्याकडून भामट्यांनी ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यासाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी उभी केली होती आणि तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंग घेतले होते. हजारो कामगारांचा उद्योग सांभाळणारा माणूस इथे अडकू शकतो, तर शिक्षण किंवा हुशारी ही पुरेशी ढाल नाही, हे उघड आहे.

याचे एक उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सापडते. तिथे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये प्रयोग सुरू केले आणि १९६३ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या नागरिकांना बोलावून सांगण्यात आले की, शेजारच्या खोलीतला माणूस चुकीचे उत्तर देईल तेव्हा त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला झटका वाढवायचा. झटके खोटे होते, पण ते देणाऱ्याला हे माहीत नव्हते. कोट घातलेला एक गंभीर चेहऱ्याचा माणूस बाजूला उभा राहून ‘पुढे चला’ एवढेच म्हणत होता. ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. ही वाईट माणसे नव्हती. अधिकाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाची आज्ञा मोडणे त्यांना जड गेले, इतकेच.

या प्रयोगाचे पुढचे दोन प्रकार फारसे सांगितले जात नाहीत, पण आपल्यासाठी तेच महत्त्वाचे आहेत. एका प्रकारात आज्ञा देणारा माणूस खोलीत नव्हता, तो फोनवरून सांगत होता. तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण घसरून पाचात एकावर आले. नुसत्या आवाजाचा दरारा कमी पडतो. भामटे व्हिडिओ कॉलचा आग्रह का धरतात, गणवेश, झेंडा आणि फायली का मांडतात, हे यावरून लक्षात येते. दुसऱ्या प्रकारात सोबत बसलेल्या दोघांनी ‘आम्ही हे करणार नाही’ असे म्हटले. तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. शेजारी ‘नाही’ म्हणणारा माणूस असला की भीतीची पकड सुटते. म्हणूनच भामट्याची पहिली अट असते, ‘कोणाला सांगायचे नाही’. दाराला कडी लावायला सांगण्यामागचे कारण हेच.

यात जागरणाची भर पडते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि अचूकता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. डिजिटल अटकेत दोन-दोन रात्री कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडणारा माणूस डॉक्टरांच्या भाषेत शुद्धीवर असतो, पण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो.

काळजाला लागलेला धक्का

सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबादमध्ये ७६ वर्षांच्या एका निवृत्त महिला डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्याआधी जवळपास तीन दिवस भामट्यांनी त्यांना डिजिटल अटकेत ठेवून साडेसहा लाखांहून अधिक रुपये काढले होते. त्याच वर्षी पुण्यात एका ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने अशाच प्रकारात सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गमावली आणि काही आठवड्यांनी घरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये आग्र्यातील एका शिक्षिकेला ‘तुमची मुलगी गुन्ह्यात सापडली आहे’ असा फोन आला. मुलगी सुखरूप असल्याचे लगेच कळले, एक रुपयाही गेला नाही. तरी त्या काही तासांत हृदयविकाराने गेल्या.

अशा मृत्यूंचे एकच कारण सांगणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य नसते. वय, आधीचा रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे हे सगळे त्यात असते. पण अचानक आलेला तीव्र मानसिक धक्का हा या कोरड्या गवतावर पडलेल्या ठिणगीसारखा ठरू शकतो. ॲड्रेनॅलिनमुळे हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते.

याशिवाय ‘टाकोत्सुबो’ नावाचा एक वेगळा विकार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला हे नाव दिले. टाकोत्सुबो म्हणजे अष्टपाद पकडण्याचे अरुंद गळ्याचे आणि फुगीर पोटाचे मडके. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाकडे फुगतो आणि त्या मडक्यासारखा दिसतो. छातीत दुखणे, धाप लागणे, ईसीजीतले बदल हे सगळे हार्ट ॲटॅकसारखेच, पण अँजिओग्राफी केली तर त्या दुखण्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार सर्वाधिक दिसतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, मात्र सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात. तेव्हा अशा फोननंतर छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली तर ‘टेन्शनमुळे आहे, झोपा जरा’ असे म्हणून चालणार नाही. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावाच.

वय, कान आणि स्मरण

वृद्ध माणसे भामट्यांच्या यादीत वर असतात, त्याची कारणे केवळ पेन्शन आणि मुदत ठेवी एवढीच नाहीत. वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज ऐकण्याची शक्ती. ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने ऐकू येईनाशी होतात. त्यात फोनवर ओठ दिसत नाहीत. अर्धे ऐकू आलेले वाक्य माणूस अंदाजाने पूर्ण करतो आणि संकोचापोटी ‘हो, हो’ म्हणत जातो. सोलापूरसारख्या शहरात घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी आणि फोनवर धडधडीत हिंदी, अशीही कसरत अनेकांची असते. ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ म्हणण्याची लाज वाटते आणि तिथेच गाडी घसरते. कानाची तपासणी आणि गरज असेल तर श्रवणयंत्र हा फसवणुकीपासूनचाही बचाव आहे.

चेहरा पाहून विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची क्षमताही वयानुसार बदलते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांना आणि तरुणांना वेगवेगळे चेहरे दाखवले. संशयास्पद चेहरे वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक विश्वासू वाटले, आणि पोटात ‘काहीतरी चुकतेय’ अशी जाणीव देणारा मेंदूचा भाग त्यांच्यात कमी जागा झालेला दिसला.

आणखी एक निष्कर्ष घराघरांत माहीत असायला हवा. शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी नऊशेहून अधिक वृद्धांचा काही वर्षे पाठपुरावा केला. सुरुवातीला त्यांची स्मरणशक्ती ठीक होती. ज्यांची फसवणूक ओळखण्याची जाण कमी होती, त्यांच्यात पुढे अल्झायमर होण्याचा धोका अधिक आढळला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फसलेला प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर आहे असा मुळीच नाही. पण पूर्वी पैशाअडक्याचा काटेकोर हिशेब ठेवणारे आजोबा अलीकडे पुन्हा पुन्हा अशा फोनला बळी पडत असतील, बिले दोनदा भरत असतील, तर त्यांच्यावर चिडण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइड, ब जीवनसत्त्वांची कमतरता, नैराश्य अशी बरी होणारी कारणेही त्यात सापडू शकतात.

रोजची कटकट

भामट्यांचे फोन रोज येत नाहीत, पण कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा आणि प्लॉट विकणाऱ्यांचे फोन रोज येतात. दुपारचा डोळा लागला की नेमका फोन. रात्रपाळी करून झोपलेल्या यंत्रमाग कामगाराची किंवा परिचारिकेची तुटलेली झोप पुन्हा लागत नाही. आणि याचा एक छुपा परिणाम आरोग्यसेवेवर होतो. कंटाळलेली माणसे अनोळखी नंबर उचलतच नाहीत. मग रक्तपेढीतून आलेला फोन, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख सांगणारा फोन, क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत ना हे विचारणारा फोनही वाजून बंद होतो. नको असलेल्या फोनमुळे हव्या असलेल्या फोनवरचाही विश्वास उडतो.

यावर इलाज आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ‘डीएनडी’ यादीत नाव नोंदवण्यासाठी १९०९ वर फोन करता येतो किंवा ‘ट्राय डीएनडी’ ॲप वापरता येते. त्यानंतरही फोन आला तर सात दिवसांच्या आत त्याच ठिकाणी तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनंतर, नोंदणी न करता जाहिरात करणाऱ्यांविरुद्धची तक्रार डीएनडीत नाव नसले तरी घेतली जाते. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे जाहिरातीचा फोन. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. फोन फसवणुकीचा वाटला, पण पैसे गेले नाहीत, तर ‘संचार साथी’ ॲपमधील ‘चक्षू’ सुविधेवर तो कळवावा. कर्जवसुलीच्या फोनलाही नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. बिडी वळून संसार चालवणाऱ्या, छोटी कर्जे घेतलेल्या बायकांना हे कोणीतरी सांगायला हवे.

आरोग्याच्या नावाने येणाऱ्या फोनबाबतही सावध राहावे. मोठ्या रुग्णालयाचा नंबर इंटरनेटवर शोधताना बनावट नंबर पुढे येतो. ‘अपॉइंटमेंटसाठी पाच-दहा रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतात आणि खाते रिकामे होते. कोणत्याही आरोग्य कार्डासाठी किंवा हयातीच्या दाखल्यासाठी सरकारी कर्मचारी फोनवर ओटीपी मागत नाही.

त्या क्षणी काय करावे

आधी शरीर सांभाळावे. फोन ठेवून द्यावा. ‘उद्धटपणा होईल’ ही भीती सोडावी, खऱ्या पोलिसाला पुन्हा फोन करता येतो आणि घरीही येता येते. खुर्चीत टेकून बसावे, घोटभर पाणी प्यावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा. श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाची गती कमी करणाऱ्या मज्जातंतूचे काम वाढते. असे पाच-दहा मिनिटे केले तरी विचार करणारा मेंदू पुन्हा कामाला लागतो.

मग दुसऱ्या माणसाला सांगावे. मुलगा, सून, शेजारी, किराणा दुकानदार, कोणीही चालेल. कायदा इथे आपल्या बाजूने आहे. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. खरी अटक झाली तर ती घरच्यांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. म्हणजे ‘घरी सांगू नका’ म्हणणारा पोलीस हा पोलीसच नव्हे.

‘मुलाचा अपघात झाला, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला आणि आवाजही मुलाचाच वाटला, तरी फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या मुलाच्या नंबरवर स्वतः फोन करावा. आवाजाची नक्कल आता संगणकाने सहज होते. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा, जो फक्त घरच्यांना माहीत असेल.

पैसे गेलेच असतील तर १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक फिरवावा. सोलापूरकरांना हा आकडा पाठ करावा लागू नये. मे १९३० मध्ये या शहराने इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारून दिली होती आणि त्यानंतर इथे मार्शल लॉ लागला होता. चार हुतात्म्यांच्या गावाला १९३० विसरता येत नाही. हृदयविकारात जसा पहिला तास मोलाचा, तसाच इथेही. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते. तक्रार लवकर आली तर ती वाटेत गोठवता येते. या यंत्रणेमुळे जुलै २०२५ पर्यंत देशभरात ५ हजार ४०० कोटींहून अधिक रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यानंतर बँकेला कळवावे आणि सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

नंतरचे दिवस

पैसे गेल्यावर घरात जे बोलले जाते, त्यावर पुढचे दुखणे ठरते. ‘एवढी वर्षे शाळा चालवली आणि एवढं कळलं नाही?’ हे वाक्य माणसाला आतून मोडते. फसलेला माणूस आधीच स्वतःला दिवसरात्र तेच विचारत असतो. भूक मंदावते, झोप लागत नाही, फोन वाजला की दचकतो, लोकांत जाणे टाळतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ हे राहिले तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘आता जगून काय करू’ अशी भाषा आली तर एक दिवसही थांबू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांनाही आपली सवय थोडी बदलावी लागेल. अचानक चढलेला रक्तदाब, कारण नसताना वाढलेली साखर, एकाएकी गप्प झालेला वृद्ध रुग्ण समोर आला की जेवण आणि गोळ्यांबरोबर ‘कोणाचा त्रासदायक फोन येतोय का?’ हेही विचारायला हवे. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारला तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

फोनच्या पलीकडे बसलेल्यांपैकी सगळेच स्वखुशीने तिथे नसतात. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमार-थायलंड सीमेवरच्या केंद्रांमध्ये फसवणुकीचे फोन करायला जुंपलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. परदेशातल्या ‘डेटा एन्ट्री’च्या नोकरीची जाहिरात पाहून निघालेल्या पोरांनाही म्हणूनच घरच्यांनी दोनदा विचारायला हवे.

आपल्या अनेक घरांत आता म्हातारी माणसे सोलापुरात आणि मुले पुणे, हैदराबाद, बेंगळुरूत असतात. रोज संध्याकाळी ‘जेवलात का, गोळी घेतली का’ असा फोन होतो. त्यात आणखी एक वाक्य घालावे : ‘अप्पा, आज कोणाचा नको तो फोन आला होता का? आला तर आधी मला सांगा, मी रागावणार नाही.’ यातले शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे. मुलगा रागावणार नाही याची खात्री असलेला माणूस खोलीचे दार लावून बसत नाही.